विस्तव आणि विस्तार

बी. ए. द्वितीय वर्ष

आमच्या आजीला ‘विस्तार’ हा शब्द कधी नीट म्हणता आला नाही. पंचायत समितीचे विस्तार अधिकारी गावात आले की ती त्यांना ‘इस्तू साहेब’ म्हणत असे. आमच्याकडे विस्तवाला इस्तू म्हणतात. शेजारणीकडे इस्तू मागायला जाणे ही तिच्या तरुणपणीची रोजची गोष्ट होती. तेव्हा सरकारने एखादा साहेब खास इस्तू पाहण्यासाठी नेमला असेल, तर त्यात तिला नवल वाटण्यासारखे काही नव्हते. मी त्या वेळी पाचवीत होते. चार अक्षरे शिकलेली असल्यामुळे तिची चूक सुधारणे मला माझे कर्तव्यच वाटे. “आजी, इस्तू नाही, विस्तार. वि-स्ता-र.” ती मान हलवायची आणि पुन्हा इस्तूच म्हणायची.

आज मी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि चूक नेमकी कोणाची होती याविषयी माझी पूर्वीइतकी खात्री राहिलेली नाही.

आमचे गाव कळमनुरी तालुक्याच्या डोंगराळ भागात आहे. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला; त्यापूर्वी आम्ही परभणीचे. डोंगर उतरून खाली गेले की काळी जमीन, पाणी आणि हळद. वर आमच्याकडे मुरूम, पळस, साग, टेंभुर्णी आणि धावडा. खालच्या गावांत हळद होती, पण ती शिजवायला सरपण पुरत नव्हते. आमच्याकडे सरपण होते, पण शिजवायला फारसे काही नव्हते. या दोन गरजांच्या मधल्या वाटेवर आमचे घर चालत असे.

ज्यांनी हळद फक्त डब्यातली पाहिली आहे त्यांच्यासाठी थोडे सांगते. आठ-नऊ महिने जमिनीत राहिलेली हळद खणून काढतात, गड्डे आणि हळकुंडे वेगळी करतात आणि मग ती शिजवावी लागते. शिजवल्याशिवाय ती नीट वाळत नाही आणि रंगही सर्व हळकुंडांत सारखा येत नाही. रानात चर खणून त्यावर मोठी लोखंडी काहील मांडायची, तीत हळद भरायची, वर हळदीचाच पाला आणि पोती दाबायची आणि खाली जाळ घालायचा. पाण्यावर फेस आला, वाफेला तो ओळखीचा वास सुटला की एक हळकुंड काढून त्यात काडी टोचून पाहायची. काडी सहज गेली म्हणजे घाणा उतरवायचा. जास्त शिजली तर रंग बिघडतो, कमी शिजली तर वाळल्यावर ठिसूळ होते. माझे वडील या कामात पटाईत. ते वाफेचा वास घेऊनच सांगत, “आता काढा.” आणि त्या काहिलीखाली जे जळे ते माझ्या मायने आणि आजीने डोंगरातून आणलेले असे. सगळ्यांत मागणी धावड्याच्या लाकडाला. त्याचा जाळ कडक आणि निखारा टिकाऊ. याच धावड्याचा डिंक बाळंतिणीच्या लाडवांत पडतो आणि याच लाकडाचा दांडा आमच्या कुऱ्हाडीला असतो. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण मी शाळेत वाक्यात उपयोग करण्यासाठी पाठ केली, पण तिचा उपयोग रोज आमच्या दाराशी उभा होता, हे तेव्हा लक्षात आले नाही.

एका दिवशी ते साहेब आले. पारावर दहा-बारा माणसे जमली. साहेबांनी घडीपत्रिका वाटल्या. तिच्या एका बाजूला वाफेवर हळद शिजवण्याच्या यंत्राचे चित्र होते आणि दुसऱ्या बाजूला मोठ्या अक्षरांत झाडे तोडू नका, पर्यावरण वाचवा, असा मजकूर होता. वाचणारे कोणी नव्हते, म्हणून मला पुढे बोलावले. मी फ्रॉक सावरून, शाळेत धडा वाचावा तशी ती पत्रिका खड्या आवाजात वाचली. साहेबांनी शाबासकी दिली. तेवढ्यात मागून आजीचा आवाज आला, “त्यात धावडा कसा तोडावा ते लिव्हलंय का?”

लोक हसले. साहेबही हसले. सर्वांत मोठ्याने मी हसले. “आजी, अगं तोडू नका असंच लिहिलंय!”

“तोडू नका म्हणं. बरं. पर तोडणारा तर तोडणारच की. मग त्याला कसा तोडावा ते नको का सांगावं?”

साहेबांनी घड्याळाकडे पाहिले. त्यांना आणखी दोन गावे करायची होती. ते माणूस म्हणून वाईट नव्हते. पाणी पिऊन, सगळ्यांना नमस्कार करून गेले. आजीच्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते, कारण हा प्रश्न असू शकतो हेच त्यांना कोणी शिकवलेले नसावे. पण माझे काय? मी तर त्या मोळ्यांवर वाढलेली. त्या दिवशी आजी घरी येऊन काही बोलली नाही. मात्र ते माझे हसणे मला अजून आठवते, आणि आठवले की ऐकू येते.

पुढे दोन वर्षांनी गायरानावर झाडे लावण्याचे काम निघाले. खड्डे खणायला मायही होती. आजी तिथे गेली आणि मुकादमाला म्हणाली, “हितं पाणी थांबत नाही, अन् ही शेळ्यांची वाट हाय. खालच्या घळीत लावा.” मुकादम म्हणाला, “म्हातारे, नकाशात हीच जागा आहे.” त्याचेही खरे होते, नकाशात तीच जागा होती. रोपे लागली, फोटो निघाले. पुढच्या होळीला काठीसुद्धा उरली नाही. त्यानंतरच्या वर्षी पुन्हा खड्डे खणले गेले आणि मायला पुन्हा मजुरी मिळाली. आमच्या घराचे त्यात नुकसान झाले नाही, हे मी प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. नुकसान डोंगराचे झाले, आणि डोंगराची मजुरी कोणी मांडत नाही.

मी आठवीत असताना आमच्या पायथ्याच्या गावांत घडीपत्रिकेतले ते यंत्र खरोखरच आले. लोक त्याला ‘कुकर’ म्हणतात. एका टाकीत पाणी उकळते, तिची वाफ नळीने बाजूच्या पिंपांत जाते आणि पिंपांतली हळद वाफेवर शिजते. काहिलीचा एक घाणा उतरेपर्यंत कुकरचे कितीतरी घाणे होतात. पाणी कमी, माणसे कमी, सरपण तर फारच कमी. ज्यांनी हे यंत्र शोधले आणि ज्यांनी ते शेतकऱ्यांपर्यंत नेले त्यांचे उपकार मोठे आहेत. डोंगरावरचा भार खरोखर हलका झाला. पण त्याच वर्षी मायची मोळी विकली गेली नाही आणि वडिलांच्या नाकाला किंमत उरली नाही. वाफेची वेळ घड्याळावर ठरू लागली. त्या उन्हाळ्यात ते दोघे ऊसतोडीच्या टोळीत नाव घालावे का, याचा विचार करीत ओट्यावर बसलेले मी पाहिले आहे. संशोधन आमच्या घरापर्यंत पोहोचले ते असे. आले ते चांगल्यासाठीच, पण दार वाजवून आले नाही.

हे सगळे मी विसरूनही गेले असते. पण यंदा पर्यावरण अभ्यासाचा प्रकल्प आला. सर वर्गात म्हणाले, “भित्तिपत्रकावरचे पर्यावरण मला नको. आपापल्या गावातली एक वस्तू घ्या. ती कुठून येते, कुठे जाते आणि कोणामुळे टिकते, ते लिहा.” मी विषय घेतला ‘काहिलीखालचे लाकूड’. माय, वडील आणि आजी यांनी सांगितलेले सर्व लिहिले. त्यात एक वाक्य होते : ‘धावडा पेरून येत नाही, पण तोडलेल्या बुंध्यातून पुन्हा येतो; म्हणून तो कसा तोडला यावर डोंगर अवलंबून असतो.’ सरांनी त्या वाक्याच्या समासात तांबड्या शाईने लिहिले : ‘आधार?’

आधार आजी होती. पण आजीला आधार म्हणून कसे लिहायचे ते मला ठाऊक नव्हते. मग मी ग्रंथालयात बसू लागले.

तिथे प्रथम ‘विस्तार’ या शब्दाचा इतिहास सापडला. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात समुदाय विकास कार्यक्रम सुरू झाला आणि बरोबर एका वर्षाने राष्ट्रीय विस्तार सेवा आली. त्या वेळी आपला हा भाग हैदराबाद राज्यात होता. प्रयोगशाळेतले ज्ञान खेड्यापर्यंत न्यायचे आणि खेड्यातल्या अडचणी प्रयोगशाळेपर्यंत आणायच्या, अशी ती कल्पना. म्हणजे वाट जाण्याची आणि येण्याची, दोन्ही होती. पुढे १८ मे १९७२ रोजी परभणीला मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. २०१३ पासून त्याला वसंतराव नाईकांचे नाव आहे. शिक्षण, संशोधन आणि विस्तार ही त्याची तीन कामे. १९७४ मध्ये पाँडिचेरीला देशातले पहिले कृषी विज्ञान केंद्र निघाले आणि आज अशी सातशेहून अधिक केंद्रे आहेत. आपल्या जिल्ह्याचे केंद्र कळमनुरी तालुक्यातच तोंडापूरला आहे. २०२२ मध्ये वसमतला हळद संशोधन केंद्र मंजूर झाले आणि २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले. हळदीच्या वाटेवर म्हणजे आता दिवे लागले आहेत.

त्यातच एक जुनी योजना वाचनात आली. १९७०च्या दशकात डॅनियल बेनॉर नावाच्या तज्ज्ञाने ‘प्रशिक्षण आणि भेट’ ही पद्धत भारतात आणली. ग्रामसेवकाने ठरलेल्या दिवशी, दर पंधरवड्याला, गावातल्या काही निवडक ‘संपर्क शेतकऱ्यांना’ भेटायचे, आणि त्यांच्याकडून ते ज्ञान इतरांपर्यंत झिरपायचे. पद्धत शिस्तीची होती. पण मी विचार केला की आमच्या गावात संपर्क शेतकरी कोण झाला असता? ज्याच्या नावावर जमीन आहे तो. मोळी वाहणारी बाई ही कोणत्याही पिकाची शेतकरी नाही. ज्ञान झिरपत झिरपत तिच्यापर्यंत येईतो मध्ये मुरमाचा थर फार जाड असतो.

मग धावड्याचा शोध घेतला. वनांचे संशोधन देहरादूनला होते. तिथली वन संशोधन संस्था १९०६ सालची आहे. महाराष्ट्राचा प्रदेश ज्या वन संशोधन संस्थेकडे येतो ती जबलपूरला आहे. कृषी विज्ञान केंद्रांच्या धर्तीवर वन विज्ञान केंद्रे काढण्याची योजनाही झाली. पण कृषी विज्ञान केंद्र जसे जिल्ह्याजिल्ह्यात आहे तसे हे नाही. आता जबलपूर किंवा देहरादून कुठे आणि आमची आजी कुठे! शेत कृषी खात्याचे, डोंगर वन खात्याचे. पण डोंगरातून निघून शेतात जळणारी मोळी कोणत्या खात्याची? ती दोन्ही कचेऱ्यांच्या मधल्या वाटेवर आहे, जिथे आमचे घर आहे.

सरांनीच मला एका इंग्रजी वनशास्त्राच्या पुस्तकातली चार पाने झेरॉक्स करून दिली. शब्दकोश घेऊन दोन रात्री ती वाचली. त्यात लिहिले होते की धावड्याचे बी पुष्कळ पडते, परंतु त्यातले फारच थोडे सकस असते आणि रुजते. मात्र तोडलेल्या बुंध्याला धुमारे चांगले फुटतात. घाव तिरपा आणि गुळगुळीत असावा, म्हणजे पाणी साचून बुंधा कुजत नाही. तोड पावसाळ्यापूर्वी व्हावी आणि कोवळ्या धुमाऱ्यांना गुरांपासून जपावे. मी वसतिगृहाच्या खोलीत एकटीच होते, तरी मला कोणासमोर तरी उभे राहून माफी मागावीशी वाटली. पाराच्या मागून आलेला तो प्रश्न वेडगळ नव्हता. तो वनशास्त्राचा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर छापलेले होते. ते फक्त त्या घडीपत्रिकेत नव्हते.

दिवाळीच्या सुट्टीत ती पाने घेऊन घरी गेले. चुलीपुढे बसून आजीला मराठीत सांगितले. ती ऐकत राहिली. मला वाटले, तिला आनंद होईल. ती म्हणाली, “हे मला ठावं हाय. तू मला माहीत नसलेलं सांग.”

मग मी पुढचे वाचले : बुंधा शक्यतो जमिनीलगत तोडावा.

“नाही,” आजी म्हणाली. “वीतभर ठेवावं.”

“पुस्तकात जमिनीलगत लिहिलंय, आजी.”

“का म्हणून लिव्हलंय?”

हे मात्र मला सांगता आले, कारण पुस्तकात कारण दिलेले होते. जमिनीलगत फुटलेल्या धुमाऱ्याला पक्का आधार मिळतो. उंच बुंध्यावरचा धुमारा वाऱ्याने मोडतो. आजीने विचार केला. “खरं हाय. मोडतात.” मग थोड्या वेळाने, “पर आपल्या डोंगराला दरसाल वणवा लागतो. गवत जळतं अन् बूड भाजतं. वीतभर खोड असलं तर वरला डोळा वाचतो. तुझ्या पुस्तकवाल्याच्या डोंगराला वणवा लागतो का, इचार.”

मी आयुष्यात प्रथम पाहिले की माझी आजी एका पुस्तकाशी वाद घालते आहे, आणि वाद बरोबरीचा आहे. पुस्तक बरोबर की आजी, ते मला सांगता येत नव्हते. कदाचित दोन्ही बरोबर असतील; एक वणवा नसलेल्या डोंगराला, दुसरे वणव्याच्या डोंगराला. पण हे ठरवायचे कसे?

इथे मला गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाची आठवण झाली. २००६च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभांना आपल्या सामूहिक वनाचे संरक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला, आणि २००९ मध्ये तो मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत हे गोंडांचे गाव होते. त्यांच्याविषयी वाचताना मला हक्काइतकीच दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटली. तिथे गावकरी आणि बाहेरचे जाणकार एकत्र बसून अभ्यासगट चालवीत. मोहन हिराबाई हिरालाल आणि देवाजी तोफा यांची नावे त्या कामाशी जोडलेली आहेत. मध काढताना पोळे जाळून माशा मारू नयेत, यासाठी काय करता येईल, हाही तिथल्या अभ्यासाचा एक विषय होता. तिथे कोणी कोणाला घडीपत्रिका वाटली नाही. प्रश्न गावाचा होता आणि अभ्यासही गावाचा. आमचे गाव मेंढा नाही. आमच्या ग्रामसभेला कोरम भरत नाही. पण दोन माणसांचा अभ्यासगट होऊ शकतो की नाही?

दिवाळीच्या तिसऱ्या दिवशी मी आणि आजी डोंगरात गेलो. तोडायला नवे झाड लागणार नव्हते. तुटलेली पुष्कळ होती. मायच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या बरोबर घेतल्या होत्या. जमिनीलगत तुटलेल्या दहा बुंध्यांजवळ हिरवी चिंधी बांधली, वीतभर ठेवून तुटलेल्या दहांजवळ तांबडी. दोन्हींतल्या निम्म्या बुंध्यांभोवती बोरीच्या काट्या रोवल्या, म्हणजे शेळ्यांचा हिशोब वेगळा राहील. ही काट्यांची युक्ती आजीची. वहीत रकाने आखले : बुंध्याचा क्रमांक, उंची, घाव तिरपा की सपाट, धुमारे किती, सर्वांत उंच केवढा. आजीला लिहिता येत नाही, म्हणून ती बोटांनी मोजायची आणि मी लिहायची. मोजता मोजता ती दमून एका दगडावर बसली आणि म्हणाली, “हे त्या इस्तू साहेबाला दाखिवशील का?”

मी “विस्तार” म्हणाले नाही. “दाखवीन,” म्हणाले.

ते साहेब आता बदलून गेले आहेत. त्यांच्या जागी कोण आहे हे मी विचारून ठेवले आहे. वही घेऊन मी आधी त्यांच्याकडे जाणार, मग तोंडापूरला. हळदीचे शास्त्र जाणणाऱ्यांना हळदीखालचे लाकूडही आपलेच वाटेल, अशी मला आशा आहे. आणि कुकरमुळे ज्यांची मोळी सुटली त्या बायांना डिंक, पळसाची पाने किंवा दुसरे काही डोंगर न मोडता करता येईल का, हेही विचारणार आहे. या प्रश्नाचे उत्तर माझ्या चार पानांत नव्हते, आणि या वेळी आजीपाशीही नव्हते.

प्रकल्पात मी ते वाक्य तसेच ठेवले. समासातल्या तांबड्या शाईखाली दोन आधार लिहिले : पहिला आजीचा, तिच्या वयासह; दुसरा त्या पुस्तकाचा, पृष्ठक्रमांकासह. जिथे दोघांचे जमत नाही तिथे तसेच नोंदवले. सरांनी वही परत दिली तेव्हा त्या ओळीवर काही खूण नव्हती. खाली एवढेच लिहिले होते : ‘पावसाळ्यानंतरची मोजणी जोडावी.’

परवा मायचा फोन आला होता. डोंगराच्या पलीकडल्या अंगाला वणवा लागला होता, पण आमच्या बाजूला अजून आलेला नाही. आजी रोज संध्याकाळी अंगणात उभी राहून चिंध्यांच्या दिशेने पाहते म्हणे. तिला वणव्याची काळजी आहे, आणि मला वाटते, थोडी उत्सुकताही आहे. निकाल लागायला अजून एक पावसाळा जायचा आहे.